तण कोण उपटणार?

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की आनंदावर काम करणारी माणसं, म्हणजे पॉझिटिव्ह सायकॉलॉजीवाली, कमिटीत भांडत नाहीत, मनातल्या मनात भांडतात, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले ताई या वेळचा सगळा कॉलम त्यांनाच देऊन टाका. तर त्यातली चार घेतलीयेत. नावं कोणाचीच देत नाही, गावं दिलीत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका, सगळीकडे मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या व्यावसायिक संस्था आहेत आणि त्यांच्या पोटात विषयवार छोटे ग्रुप असतात, कोणी खेळाडूंबरोबर काम करणारे, कोणी म्हाताऱ्या माणसांबरोबर, तसाच काही ठिकाणी एक पॉझिटिव्ह सायकॉलॉजीवाल्यांचा, म्हणजे आजारापेक्षा माणूस आनंदात कसा जगतो, बहरतो कसा, याचा अभ्यास करणाऱ्यांचा. मूळ संस्थेत पगारी माणसं असतात पण ग्रुप चालवते पाच-सात जणांची कमिटी आणि ती पूर्ण बिनपगारी. कन्व्हेनर म्हणजे निमंत्रक, सेक्रेटरी, खजिनदार, न्यूजलेटर बघणारं कोणीतरी, आणि एक-दोन नुसते सदस्य, म्हणजे ज्यांना अजून पद चिकटलेलं नाही ते. आपल्याकडे मंडळात सतरंज्या उचलणारे असतात ना, तेच हे, फक्त इथे अर्ध्या लोकांच्या नावामागे डॉक्टर.

मेलबर्नहून

"ताई, मी मूळची नाशिकची, इथे येऊन सहा वर्षं झाली, रजिस्टर्ड सायकॉलॉजिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या पॉझिटिव्ह सायकॉलॉजी ग्रुपच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, गेले आणि येताना सेक्रेटरी होऊन आले, कसं ते मलाही कळलं नाही, 'तुझ्यात काय एनर्जी आहे' असं सगळे म्हणत होते एवढं आठवतं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला झूम. सुरुवातीला प्रत्येकाने या महिन्यात काय चांगलं झालं ते सांगायचं. आम्ही सात जण, पंचवीस मिनिटं त्यातच जातात. एकाच्या कुत्र्याने पहिल्यांदा समुद्र बघितला ते मी मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, लिहिलंय, खोटं नाही. मग हॉलचं बुकिंग, स्पीकर, न्यूजलेटर हे सगळं शेवटच्या दहा मिनिटांत, आणि सगळे म्हणतात 'छान, करूया'. करूया म्हणजे मी करते. मागच्या वेळी मी म्हटलं मला झेपत नाहीये, कामं वाटून घेऊया का, तर कन्व्हेनर अगदी प्रेमाने म्हणाल्या, 'यात तुझी कुठली स्ट्रेंग्थ वापरता येईल असं तुला वाटतं?' मी कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामा कुकर घासत बसले. माझं चुकतंय का? मी नेगेटिव्ह झालेय का?"

नाही गं. तुला एजीएमला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शिडी काढून घेतली, एवढंच झालंय, आणि हे जगात कुठल्याही कमिटीत होतं, त्यासाठी सायकॉलॉजीची पदवी लागत नाही.

पण 'मी नेगेटिव्ह झालेय का' हे जे तू विचारलंयस ना ते मला टोचलं, कारण हा प्रश्न फक्त तुमच्याच ग्रुपमध्ये पडू शकतो. अकाउंटंट लोकांच्या कमिटीत कोणी म्हटलं काम जास्त होतंय तर त्याला कोणी असं नाही विचारत की तुझा बॅलन्स कसाय. तर जरा लांबून सांगते.

मार्टिन सेलिगमन १९९८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते, तिथून पॉझिटिव्ह सायकॉलॉजीची ही सगळी चळवळ सुरू झाली असं मानतात. त्याची जन्मकथा त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीये, २००० साली मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्याबरोबर जो लेख लिहिला त्यात. निवडून आल्यावर काही महिन्यांनी ते बागेत तण काढत होते, बरोबर पाच वर्षांची मुलगी. ती तण हवेत उडवतेय, गातेय, नाचतेय. हे तिच्यावर खेकसले. ती गेली, परत आली आणि म्हणाली की बाबा, मी तीन वर्षांची होते तेव्हापासून रोज किरकिर करायचे, पाचव्या वाढदिवसाला ठरवलं की बंद, आणि ते फार म्हणजे फार अवघड होतं, पण मला किरकिर सोडता येते तर तुलाही हे चिडकेपण सोडता येईल. झालं, बापाच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक वर्कशॉपात ही गोष्ट सांगतात आणि लोक 'किती गोड' म्हणतात. मीपण म्हटलं होतं. मग एकदा गॅलरीतल्या कुंड्यांमधलं गवत काढताना माझ्या डोक्यात आलं, अरे पण त्या दिवशी तण उपटत कोण होतं? चिडका बापच ना!

तुझ्या कमिटीत सहा जण तण हवेत उडवतायत आणि तू खाली बसून उपटतेयस. नाचणाऱ्यांवर माझा राग नाही, नाचणारं माणूस कमिटीत हवंच नाहीतर तिसऱ्या मीटिंगला कोणी येणार नाही. पण उपटणाऱ्याने 'कंबर मोडली' म्हटल्यावर त्याला 'तुझी कुठली स्ट्रेंग्थ' विचारणं म्हणजे जखमेला अत्तर लावण्यातला प्रकार.

आता त्या स्ट्रेंग्थचंच बघ. ख्रिस्तोफर पीटरसन आणि सेलिगमन यांनी २००४ साली जी यादी दिली त्यात २४ गुण आहेत, सहा सद्गुणांखाली मांडलेले. तुमच्याकडे सगळ्यांना पाठ असेल. त्यात उत्साह आहे, कृतज्ञता आहे, विनोद आहे, बरोबर? पण त्याच यादीत प्रामाणिकपणा, धैर्य, न्याय्य वागणं आणि टीमवर्क पण आहे की. मग सात जणांचं काम एकीवर पडलंय हे भर मीटिंगमध्ये सांगणं हे यातलं कुठलं? किमान तीन तरी भरतात. पुढच्या वेळी तो प्रश्न आला की सरळ म्हण, प्रामाणिकपणा आणि धैर्य, आणि आता तुमच्याकडून न्याय्य वागणं हवंय. हसत हसत म्हण पण म्हण.

आणि ते 'काय चांगलं झालं' चं प्रकरण. हा व्यायाम २००५ च्या ज्या अभ्यासातून गाजला (सेलिगमन, पीटरसन आणि आणखी दोघी) त्यात लोकांना एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. त्यात लोकांना बरं वाटलं आणि सहा महिन्यांनी विचारलं तेव्हाही फरक दिसत होता, हे सगळं खरंय. पण ते रात्री, एकट्याने, वहीत. सात जणांसमोर कॅमेऱ्यावर पाळीने सांगायचं म्हटलं की ते हळदीकुंकवातल्या उखाण्यासारखं होतं, आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं काही ऐकूच येत नाही. ठेवायचं असेल तर दोन जणांनीच बोलायचं, दर वेळी वेगळे दोन, आणि पाच मिनिटं. कुत्रा आणि समुद्र मला आवडलं खरं तर, तो राहू दे.

अजून एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या कन्व्हेनरना ही ठाऊक असणार आणि तरी मीटिंगमध्ये ती आठवत नसणार. २००५ सालीच बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्सियल लोसादा यांचा पेपर आला की चांगल्या भावना आणि वाईट भावनांचं प्रमाण २.९०१३ च्या वर गेलं की माणूस बहरतो. बघ, चार दशांश स्थळांपर्यंत! लोसादांचं आधीचं काम कशावर होतं माहितीये, कंपन्यांमधल्या टीमच्या मीटिंग्जवर, कोण किती चांगलं बोललं किती वाईट बोललं ते मोजून. म्हणजे तुमच्या मंगळवारचीच गोष्ट. हा आकडा सगळीकडे फिरला, ट्रेनिंगवाल्यांनी तर डोक्यावर घेतला, 'एक वाईट तर तीन चांगलं' असं सोपं करून. आणि सहा-सात वर्षं कोणी गणित उघडून बघितलं नाही. उघडलं कोणी, तर युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनमध्ये पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचीच मास्टर्स अर्धवेळ करणाऱ्या एका विद्यार्थ्याने, निक ब्राऊन त्याचं नाव, पन्नाशीच्या आसपासचा, आयुष्यभर कॉम्प्युटरमध्ये काम केलेला. वर्गात तो आकडा ऐकला आणि त्याला काही ते पटेना. मग त्याने ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं, हॅरिस फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं, आणि २०१३ साली तिघांनी 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या जर्नलमध्ये, म्हणजे मूळ पेपर जिथे छापला होता तिथेच, दाखवून दिलं की हा आकडा ज्यांतून काढला ती द्रवपदार्थांच्या हालचालीची समीकरणं माणसांच्या भावनांना लावायला काही आधारच नाही. जर्नलने तो गणिती भाग मागे घेतला. फ्रेडरिक्सनबाईंनीही गणिताची बाजू सोडून दिली, चांगल्या भावना महत्त्वाच्या हे मात्र त्या म्हणत राहिल्या, आणि तेही ठीकच आहे.

विचार कर, त्या वर्गात त्याला कोणी म्हटलं असतं की बाबा रे तू फार नेगेटिव्ह आहेस, आणि तो गप्प बसला असता, तर? तुमच्या शास्त्राची इज्जत एका किरकिऱ्या विद्यार्थ्याने राखलीये आणि तुमच्याच कमिटीत किरकिरीला जागा नाही. हेच माझं दुखणं आहे, पत्रं चार असली तरी.

आता कामाचं बोलू. मिनिट्स तूच लिहितेस ना, मग ती सत्ता आहे हे लक्षात घे, सेक्रेटरीइतकी ताकद कन्व्हेनरकडेही नसते. 'करूया', 'बघूया', 'व्हायला हवं' हे तीन शब्द मिनिट्समधून हद्दपार कर. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख, आणि नाव नाही मिळालं तर काम रद्द असं तिथल्या तिथे लिही. हे मी ठेच खाऊन शिकले. एका कमिटीत, कुठली ते सोड, आम्ही बाहेरगावाहून वक्ता बोलावला होता, माणसं ऐंशी आली, खुर्च्या होत्या, चहा होता, बटाटेवडेसुद्धा होते, आणि प्रोजेक्टर नाही. मिनिट्स काढून बघितलं तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'प्रोजेक्टरचं बघूया'. त्या माणसाने दीड तास हातवारे करून आलेख दाखवले. चढता आलेख दाखवताना उजवा हात पंख्यापर्यंत.

अजेंडाही उलटा कर, जड काम आधी आणि आनंदाची फेरी शेवटी, ज्याला घाई आहे तो निघून जाईल आणि त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. मिनिट्स लिहायची पाळी फिरती ठेव. कन्व्हेनरशी बोलायचं तर मीटिंगमध्ये नको, फोनवर बोल, आणि तास मोजून बोल, म्हणजे 'मला फार होतं' असं नाही, 'मार्चमध्ये माझे अकरा तास गेले, बाकी सहा जणांचे मिळून किती गेले ते मोजूया का' असं. प्रेमळ माणसांना तक्रार ऐकू येत नाही, आकडा ऐकू येतो. तुम्हाला वर्षाला सीपीडीचे, म्हणजे व्यवसायात राहून शिकत राहण्याचे, तास भरायचे असतात ते वेगळेच, तुम्ही ठेवलेलं व्याख्यान ऐकून काही शिकलीस तर ते त्यात धरता येईल पण त्या व्याख्यानासाठी खुर्च्या मोजल्यास ते कुठे धरणार.

आणि तरीही पुढच्या एजीएमपर्यंत काही बदललं नाही तर सोड. कुकर एकदाच घासायचा असतो.

डोंबिवलीहून

"आमच्या ग्रुपच्या कमिटीवरच्या एक बाई ग्रुपच्या ईमेल यादीवर स्वतःच्या 'हॅपीनेस कोचिंग'ची जाहिरात करतात, दर वेळी एखादा छोटा लेख आणि खाली फी. इतरांना खटकतं पण कोणी बोलत नाही. खजिनदार म्हणून मी बोलू का?"

बोला, आणि खजिनदार म्हणूनच बोला, कारण यादी ही ग्रुपची मालमत्ता आहे, जसं बँकेतलं खातं. अळीमिळी गुपचिळी चाललीये ती याच कारणाने की सगळ्यांना उद्या आपलंही काही टाकायचंय. मला स्वतःला यात त्या बाईंचा फारसा दोष वाटत नाही, नियमच नसेल तर माणूस दार उघडं बघून आत येणारच. एक ओळीचा नियम करा: कमिटीवरच्या माणसाचा पैशाचा संबंध असेल तर ते आधी सांगायचं, मिनिट्समध्ये लिहायचं, आणि निर्णयाच्या वेळी त्याने बाहेर थांबायचं. झूमवर असाल तर वेटिंग रूममध्ये टाका, चहा पिऊन येतील.

मेलबर्नवालीलाही यातलं एक सांगून ठेवते, ऑस्ट्रेलियात आरोग्यसेवेच्या जाहिरातीत पेशंटचे अनुभव छापायला कायद्याने बंदी आहे आणि सायकॉलॉजिस्ट त्यात येतात, त्यामुळे तुमच्या न्यूजलेटरमध्ये एखाद्या सदस्याबद्दल 'यांच्या थेरपीने माझं आयुष्य बदललं' असं कोणी कौतुकाने लिहून पाठवलं तर छापायच्या आधी दहादा विचार. कौतुकही महागात पडतं कधी कधी.

पुण्याहून

"मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आम्ही पाच-सहा जणी, दोन कंपन्यांतले एचआरवाले, एक शाळेचे समुपदेशक असे मिळून पुण्यात पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचा अभ्यासगट काढायचा म्हणतोय. कमिटी कशी करावी आणि रजिस्ट्रेशन लगेच करावं का? सगळे म्हणतात आधी रजिस्टर करा, लेटरहेड छापा."

लेटरहेड! आपल्याकडे संस्था जन्मायच्या आधी लेटरहेड जन्मतं, बारशाच्या आधी पाळण्याचा फोटो.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष काही रजिस्टर करू नका. महिन्याला एकदा भेटा, एक पेपर वाचा, त्यावर भांडा. इंटरनॅशनल पॉझिटिव्ह सायकॉलॉजी असोसिएशन ही जगातली मोठी संघटनासुद्धा २००७ साली उभी राहिली, सेलिगमन यांच्या अध्यक्षपदानंतर नऊ वर्षांनी, आणि तिची पहिली जागतिक परिषद २००९ ला फिलाडेल्फियात झाली. तोवर लोक भेटत होते, लिहीत होते, शिकवत होते, कोणाचं काही अडलं नव्हतं.

वर्षाअखेर बारा जण टिकले तर मग विचार करा. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० खाली संस्था करायला किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था म्हटली की १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आलंच. मग दरवर्षी हिशोब, ऑडिट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेंज रिपोर्ट. कमिटीतलं एक माणूस बदललं तरी ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. उत्साहाच्या भरात हे कोणी सांगत नाही, मग तीन वर्षांनी कळतं की कागदावर अजून पहिलीच कमिटी आहे, त्यातले एक कॅनडाला गेले, एक दुसऱ्या संस्थेत गेले आणि बँक म्हणते जुन्याच माणसाची सही आणा. असे घोळ मी डोळ्यांनी बघितलेत, एका खात्यातले अडतीस हजार रुपये सहीसाठी दोन वर्षं अडकून होते आणि माणूस टोरांटोला बर्फ काढतोय.

कमिटी म्हणाल तर तिघांची करा, पाचचीसुद्धा नको. एक बोलावणारा, एक लिहिणारा, एक पैसे बघणारा. मुदत दोन वर्षं आणि ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तिघांत एक तरी माणूस असा घ्या जो 'पण हे कशावरून?' विचारतो. एचआरवाले असणार ना, त्यांना हे जड जाईल, त्यांच्याकडे स्लाइडवर आलं की ते सिद्ध झालेलं असतं. (रागावू नका, माझा जावई एचआरमध्येच आहे.)

अजून एक, आणि हे मी गंमतीत सांगत नाहीये. आनंदावर बोलायला लोकांना बोलावलं की रडायला येणारी माणसं पण येतात. येणारच, आणि ती खरी गरजू असतात. पाटी 'आनंद' म्हणून लावलीये म्हणून कोणी फार वाईट अवस्थेत मागच्या रांगेत बसलेला नसेल असं धरून चालू नका. तुमचा गट हा अभ्यासगट आहे, उपचार करणारा नाही, हे सुरुवातीला स्पष्ट सांगा, आणि दर भेटीला एक जण ठरलेला ठेवा ज्याने अशा माणसाला बाजूला घेऊन नुसतं ऐकायचं आणि पुढचा रस्ता दाखवायचा. तुमच्यातले समुपदेशक सर रोज नको, त्यांनाही श्वास घेऊ द्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. चहाचे पैसे किती झाले त्याच्या वर.

सिडनीहून

"नमस्कार. वय ६७, निवृत्त मानसशास्त्रज्ञ. इथल्या पॉझिटिव्ह सायकॉलॉजी ग्रुपचा नऊ वर्षं खजिनदार आहे. शिवाय रविवारची मराठी शाळा आणि ज्येष्ठांचा कट्टा. सगळं मिळून आठवड्याला सतरा तास जातात, मी मोजले. सौ. म्हणते नोकरीत होतात तेव्हा घरी जास्त दिसायचात. ग्रुप सोडावासा वाटतो पण दर वर्षी एजीएमला विचारलं की सगळे खाली बघतात आणि मग मीच हात वर करतो. आम्ही लोकांना सांगतो की सेवेने आनंद मिळतो, मग मला का मिळत नाही?"

काका, सतरा गुणिले बावन्न म्हणजे ८८४. हा आकडा लक्षात ठेवा, आता एक गंमत सांगते. तुमच्याच देशात २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, ६४ ते ६८ वयाच्या दोन हजारांवर लोकांचा, म्हणजे थेट तुमचंच वय, स्वयंसेवा किती तास करता आणि मन किती बरं असतं यावर. जे अजिबात करत नव्हते त्यांचं कमी, आणि जे वर्षाला ८०० तासांच्या वर करत होते त्यांचंही कमी. मधले, १०० ते ८०० वाले, सगळ्यात बरे. आता याला अभ्यास करणारेही म्हणतील की तासांमुळे मन बिघडलं की मुळात दुसरं काही कारण होतं हे एका पाहणीतून सांगता येत नाही, आणि आत्ताच मी एका आकड्याची फजिती सांगितलीये तेव्हा ८०० ला सीमारेषा समजून घड्याळ लावू नका. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. सेवेने आनंद मिळतो हे खोटं नाही, कितीही सेवेने मिळतो असं कोणी म्हटलेलंच नव्हतं, ते आपण कमिटीवाल्यांनी सोयीने धरून घेतलं.

आणि सगळे खाली बघतात त्याचं काय. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. नऊ वर्षं तुम्ही हात वर करताय म्हणून ते नऊ वर्षं खाली बघतायत, त्यांना माहितीये की साधारण आठव्या सेकंदाला काकांचा हात वर जातो. एकदा वीस सेकंद थांबून बघा. फार लांब वाटतात वीस सेकंद, मला माहितीये, मी एकदा थांबले होते, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर अख्खं वाचून काढलं, एकादशीसकट, आणि एकविसाव्या सेकंदाला कोपऱ्यातला एक मुलगा म्हणाला मी बघतो. तो अजून बघतोय, आणि माझ्यापेक्षा बरं बघतोय, माझी पावतीपुस्तकं बघून त्याला हसू आलं होतं.

कोणीच नाही म्हणालं तर? तर मूळ संस्थेला कळवा की या ग्रुपला खजिनदार नाही, त्यांचं काय ते ते बघतील, एखादा ग्रुप वर्षभर झोपला तर झोपू दे. पीटरसन तर म्हणायचे की सगळ्या पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचं सार तीन शब्दांत, इतर माणसं महत्त्वाची. काकू पण त्या 'इतर माणसां'तच येतात ना.

मराठी शाळा मात्र सोडू नका इतक्यात. तुमच्या पत्रातला दुसरा परिच्छेद मी इथे छापला नाही पण त्यात 'ळ' म्हणता यायला लागलेल्या त्या मुलीबद्दल तुम्ही सात ओळी लिहिल्यायत आणि ग्रुपबद्दल दीड.

सोडताना फक्त हे करा, की तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर येऊ दे. बँकेत कोणाच्या सह्या चालतात, पासवर्ड कुठे आहेत, विम्याचा हप्ता कधी, हॉलवाल्यांकडे डिपॉझिट किती अडकलंय. एक पान पुरतं. एजीएमच्या दोन महिने आधी सगळ्यांना मेल करा, कारणं देऊ नका, आजारपण तर अजिबात नको, नाहीतर बरे झालात का विचारत परत येतील. आणि तुम्ही लिहिलंय ती बिस्किटांच्या डब्यातली चहाची रोकड, चौतीस डॉलर आणि काही नाणी, ती मोजून, चिठ्ठी लावून, डब्यासकट देऊन टाका. डबा काकूंचा असेल तर आधी विचारा.